पाठीमागून मारलेली हाक

मी, मोटारींची सीटकव्हरे शिवणारा, वय वर्षे सदुसष्ट, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. दडपण आहे ते भीतीचे, आणि ती माझी स्वतःची आहे. सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. त्याची मला फारशी धास्ती नाही. ज्याची आहे ते कलम तीनमध्ये येईल.

कलम एक. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नीच्या. तिच्या हयातीत घर कोणी विकू नये आणि खिडकीजवळची तिची खुर्चीही हलवू नये. व्हॅन थोरल्या मुलाला. मागचा दरवाजा लाथ घातल्याशिवाय उघडत नाही; त्याचा स्वभाव पाहता दोघांचे जमेल.

कलम दोन. शिवणयंत्र, कात्र्या आणि कातड्याचे तुकडे सुनेला. आमच्या घरात सरळ टीप घालणारी ती एकटीच.

कलम तीन. दुकान धाकट्या मुलीला. अर्धे दुकान तसेही तिनेच व्यापले आहे. गाड्यांमध्ये ती मोठमोठे स्पीकर बसवते आणि कोणाची गाडी जास्त दणाणते याच्या स्पर्धांना जाते. हात सोन्याचा आहे, हे बाप म्हणून नव्हे, कारागीर म्हणून लिहितो. पण आवाज सोडला की कुठला पत्रा थरथरतो ते शोधायला ती काचा लावून स्वतः आत बसते. मी बाहेर उभा असलो तरी माझ्या टाचणीच्या डबीतल्या टाचण्या नाचतात. आत तिचे काय होत असेल?

सुरुवातीला ती सांगायची, कानात शीळ वाजते, सकाळी जाते. हल्ली सांगत नाही. जेवताना माझ्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघते. तिच्या आईला वाटते, पोरगी आता लक्ष देऊन ऐकायला लागली.

मागच्या आठवड्यात दुकानासमोर ती रस्त्याकडे पाठ करून वायर सोडवत होती. मालाचा ट्रक उलटा तिच्या दिशेने मागे येत होता. क्लीनर ओरडला, मी ओरडलो, शेजारचे घड्याळजी त्यांच्या दुकानातून ओरडत बाहेर आले. ती हलली नाही. मी कॉलर धरून तिला ओढले. ती हसून म्हणाली, "बाबा, केवढे घाबरता हो तुम्ही!" मी घाबरलोच होतो. अजून घाबरलेलाच आहे. मी नसलो तर तिची कॉलर कोण धरणार?

कानाच्या एका डॉक्टरीणबाई गाडीची कव्हरे शिवून घ्यायला माझ्याकडे येतात. त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. उरलेल्या तेवढ्या सांभाळायच्या." म्हणून अट अशी, की कान तपासून घेतल्याचा कागद माझ्या वकिलीणबाईंना दाखवेपर्यंत दुकानाची किल्ली तिला देऊ नये. तपासणीचा आणि लागलेच तर कानाच्या यंत्राचा खर्च माझ्या ठेवींतून व्हावा; पत्नीची संमती घेतली आहे.

कलम चार. "कान हळूहळू तयार होतात," असे तिला शिकवणाऱ्या स्पीकरच्या व्यापाऱ्याला माझ्याकडून काही नाही. तो भेटायला आला तर त्याला चहाही विचारू नये.

पुरवणी, सही करण्यापूर्वी हाताने लिहिलेली. वरील मजकूर वकिलीणबाईंनी आज दुकानामागच्या खोलीत साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. मुलगी त्याच खोलीत, आमच्याकडे पाठ करून, खिडकीपाशी वायर सोलत बसली होती. बाहेर जा म्हणायचे कोणाला सुचले नाही. अटीचा भाग आला तेव्हा मला वाटले, आता ती उसळणार. वकिलीणबाईंनी तो पुन्हा वाचला. तिचे हात चालूच राहिले. साक्षीला आलेल्या चष्मेवाल्या वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती दचकून वळली, माझ्या ओठांकडे बघू लागली आणि म्हणाली, "बाबा, सुरू करा ना वाचायला. किती वेळ गप्प बसलात सगळे?"

अट मी रद्द करतो. दुकान तिचे, किल्ली आजच दिली. झडपेची शस्त्रक्रिया थांबेल तितकी थांबो; सोमवारी मी तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जात आहे. रस्त्याने चालताना मी तिच्या मागे राहीन.

सही : सीटकव्हरवाला
साक्षीदार : १. शेजारचे घड्याळजी २. चष्मेवाल्या वहिनी
वाचन : वकिलीणबाई
स्थळ : दुकानामागची खोली
दिनांक : १७ नोव्हेंबर, शुक्रवार