शेजाऱ्याच्या जागेत

३ मार्च
आलो एकदाचा! नोकरी नवी, खोली नवी, खिडकीत ऊनही भरपूर. कंपनीच्याच इमारतीत राहायचं; इथली कुलपं, दारावरच्या पाट्या, लिफ्ट, फोन सगळं आम्ही लिहितो त्या कर्नेलवर, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यावर चालतं. मेमरी, म्हणजे यंत्रातली जागा, मागताना जिथे नुसता 'संख्या गुणिले आकार' केलाय, तिथे तपासणारं फंक्शन बसवणं हे माझं काम. गुणाकार फार मोठा झाला की मापात मावत नाही, उलटून लहान होतो. मग जागा मिळते लहान, सामान येतं पूर्ण, आणि सांडतं शेजाऱ्याच्या अंगावर. माझं फंक्शन अशा वेळी सरळ नाही म्हणतं. ताईला सांगितलं, तर म्हणाली, म्हणजे टिल्लू, तू वसतिगृहाचा रेक्टर झालास की!

९ मार्च
काम उरकत आलं. रहिवाशांच्या यादीतला एक गुणाकार राहिलाय. विचारलं तर साहेब हसले. एवढी माणसं कुठून येणार, राहू दे, म्हणाले. मीही कंटाळलोच होतो.
जेवायला रोज एकटा. कुणी वाईट वागत नाही, फक्त कुणी विचारत नाही. ताईचा रविवारचा फोन असतो म्हणून बरं.

१७ मार्च
शेजारी नवा इंजिनिअर आला. यादीत त्याची भर पडली आणि माझ्या दारावरच्या पाटीवर त्याचं नाव उमटलं. त्याच गुणाकाराची करामत! साहेबांना सांगायला गेलो. त्यांनी विचारलं, आपण कोण?
थट्टाच असणार.

१९ मार्च
माझ्या खुर्चीवर तो बसलाय. सगळे त्याला माझ्या नावाने हाक मारतात. पाटी बदलली हे समजतं. पण माणसं?

२२ मार्च
रविवार. ताईचा फोन त्याच्याकडे वाजला. भिंतीतून ऐकलं, अगदी माझ्यासारखा हसत होता. मी लावला तर म्हणाली, आत्ताच बोलले माझ्या भावाशी, तुम्ही कोण?
रडलो.

२३ मार्च
तो राहिलेला गुणाकार काढून तिथे माझं फंक्शन बसवलं. यंत्रणा पुन्हा सुरू केली. ती एकेकाला आत घेत यादी वाढवते. माझी जागा त्याला गेलेली, म्हणून माझा नंबर शेवटी —
माझ्यापाशी गुणाकार मापात मावेना. फंक्शन बरोबर चाललं. मला नाही म्हणालं.

२४ मार्च
दार आतून उघडत नाही. फोन बंद. बाहेर ताई — भेटायला आलीये — त्याला म्हणतेय, किती वाळलास रे. मी दार बडवतोय. तिने विचारलं, इथे कोण राहतं? तो म्हणाला, कुणीच नाही. ती चालली — ताई, थांब, अगं मी इथे, मीच टि