लाटेतलं पाणी

जेजू बेट
१२ जून १९३६

चिरंजीव थेग्यूस,

आईचा आशीर्वाद. तिकडे ओसाकात कारखान्यातलं काम झेपतंय ना? इकडे सातू कापून झाले. डुकरी व्याली, सात पिल्लं झाली. तुझी लेक छुनजा बरी आहे, पुढचे दोन दात पडलेत. एरवी मास्तरांकडून पत्र लिहून घेते, हे मात्र स्वतः लिहिते आहे. अक्षराला हसू नकोस.

तू विचारलंस, ओक्सुन शिंपल्यांसाठी बुडी मारण्यात एवढी पट्टीची, ती बुडालीच कशी? समुद्राने नेली, असं मी कळवलं होतं. समुद्राच्या नावावर काहीही खपतं.

तुझी बायको माझ्यापेक्षा खोल जायची, आणि हे मला विसरू देत नसे. "आई, आता तुम्ही काठाला बसून शेवाळ कापा," असं चारचौघींत म्हणायची. मायेनं म्हणायची, म्हणून जास्त झोंबायचं. मग तुझी बोटीची तिकिटं आली. तिचं आणि पोरीचं. माझं नव्हतं.

तू कधी बायकांच्या कामात डोकावला नाहीस, म्हणून सांगते. आमच्यात पाणी बघायचा मान सगळ्यांत थोरलीचा. वारा पडला की उन्हानं वरचं हातभर पाणी तापतं, खाली गारठा तसाच राहतो. म्हणून पार बाहेरच्या खडकापर्यंत जायचं आणि लाट फुटते तिथे कोपरापर्यंत हात बुडवायचा. फुटणारी लाट खालचं पाणी वर काढते. तिथे हात बधिर झाला, तर कोणी खोल जायचं नाही. अंगावर सुती कपडा, दुसरं काय असतं?

बोट सुटायला चार दिवस होते. मी बाहेरच्या खडकावर गेलेच नाही. काठच्या संथ पाण्यात हात घातला.

"आई, पाणी कसं आहे?"

"कोमट आहे गं. आज जा की खोल."

"मग यांच्यासाठी मोठे शिंपले काढते. तिकडे पेज करून घालीन."

"घाल. माझ्या हातची त्याला आता कशाला लागते?"

ती हसली. बाकीच्यांना मी शेवाळ कापायला काठालाच ठेवलं.

मला तिला मारायचं नव्हतं रे. ताप यावा, आठ दिवस अंथरूण धरावं, बोट चुकावी, एवढंच मनात होतं. वर येऊन दम सोडताना तिची शीळ वाजायची, ती तीनदा ऐकली. चौथ्यांदा आली नाही. वर आल्यावर धरायचा तिचा भोपळा तेवढा तरंगत होता. मी लगेच हाक मारायला हवी होती. थोडं थांबले.

आता तू लिहितोस, छुनजाला पाठव, नाहीतर न्यायला येतो. पाठवणार नाही. सगळी माणसं ओसाकानेच न्यायची का? पोरगी यंदा कमरेएवढ्या पाण्यात उतरायला लागली आहे. रोज खडकावर उभी राहून विचारते, "आजी, पाणी कसं आहे?" मी सांगते, मगच उतरते. लाटेत हात घालून बघायचं मी तिला शिकवलेलं नाही, शिकवणारही नाही.

तू आलास, तर त्या दिवशीही ती मलाच विचारील. तेव्हा येण्याआधी विचार कर.

पावसापाण्यात जप.

पाणी बघणारी,
तुझी आई