बत्तीस घरांचे बांबू

प्रति,
मा. इमारत परवानगी अधिकारी,
नगर कार्यालय, दुसरा मजला
(लिफ्ट बंद असल्याने जिन्याने)

विषय : आमच्या "धोकादायक इमारती"ची तातडीने दुरुस्ती करावी, या आपल्या आदेशाचे पालन करण्याबाबत.

संदर्भ : आपली नोटीस क्र. धो/४१७, दि. ९ रोजीची.

महोदय,

आपली नोटीस मिळाली. संस्थेच्या सर्व सभासदांसमोर ती मोठ्याने वाचून दाखवली. विश्वास बसेना म्हणून पुन्हा वाचली. तरीही काहींना मी थट्टा करतो आहे असे वाटले, तेव्हा आपली सही व शिक्का दाखवावा लागला.

१. मी परांची बांधणारा कामगार आहे. इमारत उभी राहताना तिच्याभोवती बांबूंचा जो सांगाडा लागतो, तो बांधण्यात माझी सव्वीस वर्षे गेली. गवंडी, फरशीवाले, रंगारी, वायरमन आणि प्लंबर अशा बत्तीस कुटुंबांनी मिळून काढलेल्या गृहनिर्माण संस्थेचा मी अध्यक्ष आहे. या शहरातल्या निम्म्या इमारतींना आमचे हात लागले आहेत. राहायला मात्र आम्ही शहराच्या पार टोकाला, एकेका खोलीत सहा-सहा माणसे असे आहोत. चार मजले आणि बत्तीस लहान घरे बांधण्यासाठी नगर कार्यालयाने आम्हाला जागा दिली. तिची अट अशी, की या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत काम सुरू झाले नाही तर जागा परत घेतली जाईल. ही अट आपल्या लक्षात असेलच. आमच्यावरची कुठलीही अट आपण कधी विसरत नाही.

२. आपल्या नियमानुसार, इमारत केवढी होणार हे शेजाऱ्यांना कळावे म्हणून जागेवर प्रत्यक्ष उंचीचे बांबू उभे करून साठ दिवस हरकती मागवायच्या असतात. मी स्वतः चार मजले उंच बांबू बांधले. प्रत्येक मजला आणि प्रत्येक घराचा कोपरा काथ्याने आखून दिला. हरकत आली की सुनावणी, आणि सुनावणी झाली की साठ दिवस पुन्हा पहिल्यापासून, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. या गोष्टीला आता तीन वर्षे झाली. बांबू कुजले म्हणून दोनदा बदलले, काथ्या चार वेळा नवा बांधला. जी इमारत बांधायची परवानगी नाही, ती मी आजवर कितीदा तरी बांधली आहे.

३. आलेल्या अकरा हरकतींपैकी काहींचा उल्लेख करतो. शेजारच्या सोसायटीने पहिली हरकत घेतली ती सावलीची. आमच्या बांबूंची सावली त्यांच्या हिरवळीवर पडते म्हणून. आपले कर्मचारी टेप घेऊन आले, सावली मोजली, ती चार बोटे रुंद भरली. अहवालात तिला "लक्षणीय" म्हटले आहे.

त्याच सोसायटीतल्या, पाचव्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांनी सुंदर अक्षरात तीन पानांची हरकत लिहिली. बांबू पाहून त्यांना खिन्न वाटते, आणि इमारत झाल्यावर तिथे "विशिष्ट वर्गातील" लोक येतील या विचाराने अधिकच खिन्न वाटते. त्यांच्या इमारतीची परांची मीच बांधली होती. त्यांच्या न्हाणीघराला प्लास्टर करणारे आमचे चार सभासद काम संपेपर्यंत त्याच न्हाणीघरात झोपत होते. तेव्हा वर्ग कोणाच्या आड आला नाही. सुनावणीत मी हे सांगितले. आपण घड्याळाकडे पाहिलेत, आणि प्राध्यापकांसाठी दुसरी खुर्ची मागवलीत.

नववी हरकत सोसायटीतल्याच आणखी एका गृहस्थांची, ती अशी, की बांबूंवर पक्ष्यांनी घरटी केली आहेत, सबब बांबू हलवू नयेत. त्याच गृहस्थांची दहावी हरकत अशी, की वाऱ्याने बांबू करकरतात, सबब ते तत्काळ हलवावेत. या दोन्ही हरकती आपण एकाच सुनावणीत, एकाच कपातला चहा संपायच्या आत मान्य केल्या. पक्ष्यांना घर मिळाले याचा आम्हाला आनंदच आहे.

४. माझी पत्नी त्याच सोसायटीत तीन घरी स्वयंपाक करते. रोज जाण्यायेण्यात तिचे चार तास मोडतात, आणि गुडघे आता साथ देत नाहीत. दुपारी ती बांबूंमध्ये, तळमजल्यावरच्या आमच्या घराच्या जागेवर बसून डबा खाते. चूल कुठे आणि कपाट कुठे, हे तिचे केव्हाच ठरले आहे. परवा मला म्हणाली, "अहो, आपल्या स्वयंपाकघरात वारा काय छान येतो!" भिंतीच नाहीत, वारा येणारच. मला आधी हसू आले, नंतर रडू आले. त्याची नोंद आपल्या दप्तरात व्हावी अशी अपेक्षा नाही.

५. आता नोटिशीकडे वळतो. करकरण्याच्या तक्रारीवरून आपल्या धोकादायक इमारत विभागाचे निरीक्षक पाहणीस आले. गाडीची काच खाली करून त्यांनी वर पाहिले, काच वर केली आणि अहवाल लिहिला. अहवालातील शब्द जसेच्या तसे देतो : "चार मजली जुनी इमारत. भिंती पूर्णपणे ढासळलेल्या. छत नाही. जिना नाही. रहिवासी आढळले नाहीत." त्यावर आपण डोळे झाकून सही केलीत आणि इमारतीची तीस दिवसांत संपूर्ण दुरुस्ती करण्याचा आदेश आम्हाला दिलात. न केल्यास कारवाईचा इशाराही दिलात.

मी चौकशीला आलो तेव्हा आपले लिपिक म्हणाले, "अहो, दुरुस्ती म्हटलंय ना? मग करा की. दुरुस्तीला कुठं परवानगी लागते?" तीन वर्षे या जिन्यावर चपला झिजवल्या, पण शहाणपणाचे एवढे एकच वाक्य ऐकायला मिळाले. त्या लिपिकांना बढती मिळावी, अशी या अर्जात जाता जाता विनंती आहे.

६. सबब, आपला आदेश शिरसावंद्य मानून आम्ही येत्या सोमवारी सकाळी आठ वाजता दुरुस्ती सुरू करीत आहोत. पाया नादुरुस्त, म्हणजे मुळातच नसल्याने, तो खणण्यात येईल. ढासळलेल्या भिंती बांधण्यात येतील. जिना, छत, नळ, दिवे आणि खिडक्या अहवालात उणीव दाखवल्याप्रमाणे पूर्ण करण्यात येतील. बाहेरचा एकही मजूर लागणार नाही, कारण आम्हीच ते मजूर आहोत. काम तीस तारखेच्या आत सुरू होत असल्याने जागेची अटही आपोआप पाळली जाते.

७. आम्ही दुरुस्ती करू नये अशी आपली इच्छा असल्यास उपाय सोपा आहे. त्या जागेवर कोणतीही इमारत नाही, कधी नव्हती, आणि आपण सही करून दुरुस्तीचा आदेश दिला तो नुसत्या बांबूंना दिला, असे आपल्या शिक्क्यासह लेखी कळवावे. तो कागद हाती पडताच आम्ही काम थांबवू. मात्र तोपर्यंत विटांवर विटा चढत राहतील. आपल्या कार्यालयातून एक कागद बाहेर पडायला किती काळ लागतो, याचा आम्हाला तीन वर्षांचा अनुभव आहे. तेवढ्यात आमचे चार मजले सहज होतात.

अजूनही आपला नम्र,
(सही)
अध्यक्ष, बांधकाम कामगार गृहनिर्माण संस्था
दि. १७

सोबत :
१. आपल्या नोटिशीची प्रत.
२. निरीक्षकांच्या अहवालाची प्रत.
३. इमारतीचे छायाचित्र. भिंतींच्या जागी आकाश दिसते, तो छपाईतील दोष नव्हे.