मी बरीही नाही आणि मरतही नाही, हे कर्ण्यावरून जाहीर करण्याबाबत

प्रति,
मा. ग्रामप्रमुख साहेब,
ग्रामकचेरी, सांता क्रूस दोस आरोयोस,
वाहाका.

अर्जदार: रुतिलिया मेन्देस, वय ३८, खालची आळी, डाळिंबाच्या झाडाजवळचं घर.

विषय: माझ्या प्रकृतीविषयी गावच्या कर्ण्यावरून दुरुस्त घोषणा करून मला सणाच्या स्वयंपाकात परत घेण्याबाबत.

संदर्भ: दि. ९ एप्रिल रोजी सकाळी, गॅसची गाडी आल्याची बातमी आणि पेरेसांचं डुक्कर हरवल्याची बातमी यांच्या मधे झालेली घोषणा.

महोदय,

१. सविनय सादर करते की, मला ल्युपस नावाचा आजार आहे. तो वरून दिसत नाही. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते असं, की शरीराचे जे राखणदार असतात ते माझ्या बाबतीत घरच्याच माणसांना चोर समजून बडवतात. त्यामुळे माझे सांधे धरतात, ऊन सोसत नाही, आणि एखाद्या दिवशी सकाळी उठतानाच अंगातलं सगळं बळ संपलेलं असतं. दुसऱ्या दिवशी मी हसतखिदळत बाजारात जाते. हे दोन्ही खरं असतं. गावाला मात्र दोहोंतलं एकच काहीतरी खरं हवं असतं, आणि कुठलं ते गाव ठरवतं.

२. गोळ्यांनी माझं तोंड फुगतं. त्यावर वरच्या आळीचं म्हणणं, लग्न चांगलंच मानवलंय. खालच्या आळीचं म्हणणं, नवरा बाहेरगावी राबतो आणि ही घरी बसून फुगते. उन्हात मी छत्री घेते, तर रंग जपते म्हणे. आता कुणाला दाखवायचाय तो, देव जाणे. बसले तर आळशी, उठले तर सोंग उघडं पडलं. औषधं तर विचारूच नका. दृष्ट काढावी तसं अंगावरून अंडं उतरवून झालं, वाफेच्या कोठडीत बसून घाम काढून झाला, रात्री केस धुऊ नकोस हेही झालं. आपल्या मातोश्रींनी वाळवलेला विषारी साप कुटून पाठवला होता, त्याबद्दल मी ऋणी आहे. तो आमच्या कोंबडीनं खाल्ला. कोंबडीची प्रकृती उत्तम आहे, कृपया मातोश्रींना कळवावे.

३. मार्चमधे पाटाच्या सफाईला प्रत्येक घरातून एक माणूस द्यायचं असतं. माझा नवरा आबुंदिओ गवंडीकामाला बाहेर होता, म्हणून मी आले. एका हातात छत्री आणि एका हातात फावडं धरून गाळ निघत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. तरी तासभर काढला आणि मग सावलीत बसले. लोक बोलले ते बोलले. आपणही जवळ येऊन, अगदी मायेनं, "दिसत तर काही नाही गं, रुतिलिया," असं म्हणालात. साहेब, दिसत नाही हेच तर दुखणं आहे. पण आपला मान राखून मी डॉक्टरचा दाखला आणून कचेरीत दिला.

४. आपण तो दाखला ताउरिनोदादांकडे सोपवलात. हेतू चांगला होता, याबद्दल माझी तक्रार नाही. ताउरिनोदादांचा जन्म कर्ण्यावर गॅस, गरम भाकऱ्या आणि हरवलेली जनावरं जाहीर करण्यात गेला. आजाराचं नाव त्यांना वाचता येईना, म्हणून ते त्यांनी गाळलं. मधला मजकूर बारीक अक्षरात होता, म्हणून तोही गाळला. शेवटची ओळ तेवढी ठळक होती, की यावर कायमचा इलाज नाही. तेव्हा त्यांनी घसा साफ करून जाहीर केलं, "मंडळी, आपल्या रुतिलियावर आता इलाज उरलेला नाही. देव तिला सांभाळो." वर आपल्याकडे मयतीला वाजवतात ती धून लावली. मग डुक्कर.

५. ही घोषणा झाली तेव्हा मी अंगणात बसून तिखटमीठ लावून कैरी खात होते. धून ऐकून मला वाटलं, कोण बिचारं गेलं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बायका दिसल्या. मेणबत्त्या, पांढरी फुलं, पाव, चॉकलेट, जे जे मयताच्या घरी नेतात ते सगळं घेऊन, डोक्यावरून काळ्या शाली. पुढे शेजारीण प्लासिदा. तिनं घरून निघतानाच रडायला सुरुवात केली होती, आता मधेच कसं थांबायचं ते तिला कळेना. ती शेवटपर्यंत रडली, डोळे पुसले आणि म्हणाली, "अगं, तू तर कैरी खातेयस." बँडवाले तिघे आले होते, त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, थांबायचं की जायचं? मी सगळ्यांना बसवलं आणि त्यांचंच चॉकलेट उकळून त्यात त्यांचाच पाव बुडवून खाऊ घातला. मयताच्या घरी आणलेली वस्तू परत नेत नाहीत, त्यामुळे मेणबत्त्या माझ्याकडेच आहेत. आमच्याकडे वीज गेली तर आता फरक पडत नाही.

६. त्या दिवसापासून मी आगीतून फुफाट्यात पडले. काही लोक रागावलेत. प्लासिदाचं म्हणणं, तिचं माझ्यासाठी रडून झालंय, आता खरंच गेले तर तिनं काय करायचं? तिला यावर उत्तर द्यावं ही विनंती, मला सुचत नाही. बाकीच्यांनी दया धरली आहे. माझ्या हातातली पिशवी काढून घेतात. मी बोलू लागले की माना हलवतात. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत आहे.

७. हेही मी सोसलं असतं. मूळ तक्रार पुढेच आहे. तीन मेला आपल्या क्रुसाचा सण. त्या पहाटे गावाच्या मोलेसाठी, म्हणजे सणाच्या काळ्या रश्श्यासाठी, मिरच्या मी भाजते. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून तिसऱ्या चुलीवरचा तो मातीचा तवा माझा आहे. ते काम ऊन वर यायच्या आत संपतं. पळापळ नसते. बसून करता येतं. मिरची काळी व्हावी पण कडू होऊ नये, यासाठी नाक लागतं, आणि माझ्या नाकाला ल्युपस झालेला नाही. गेल्या रविवारी सेनाइदामावशी, म्हणजे सणाच्या स्वयंपाकाच्या मुख्य, माझ्या घरी आल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "पोरी, यंदा तू घरीच थांब. तुझं ताट पाठवू." तवा त्यांनी दुसऱ्या कुणाला दिला. कुणाला ते मी विचारलं नाही.

साहेब, आळशी म्हणाले, सोंगाडी म्हणाले, मेले म्हणाले, मी रडले नव्हते. त्या दिवशी मावशी गेल्यावर रडले. आपल्या गावात ज्याला ताट पोचवतात तो एक तर म्हातारा असतो नाही तर अंथरुणाला खिळलेला. मी दोन्ही नाही. मला त्या धुरात बसायचंय, डोळे चोळत, बायकांच्या चहाड्या ऐकत. तिथे कुणी मला आळशी म्हणालं तरी चालेल. निदान तोंडावर म्हणेल.

८. प्रथम माझा विचार असा होता की रोज सकाळी गॅसच्या गाडीच्या बातमीसोबत माझी त्या दिवशीची प्रकृतीही जाहीर करावी. उदाहरणार्थ, "आज रुतिलियाचे गुडघे बरे, बोटं वाईट, सल्ले नकोत." आबुंदिओला फोनवर वाचून दाखवलं तर तो इतका हसला की बांधकामाच्या परांचीवरून पडायचा. हे जास्त होतंय हे मलाही पटलं. ती मागणी मी मागे घेते.

९. तरी खालील मजकूर सणाच्या आत, मयतीची धून न लावता, कर्ण्यावरून वाचावा ही नम्र विनंती:

"गावकरी मंडळी, रुतिलिया मेन्देस बरी नाही आणि मरतही नाही. तिचा आजार बरा होणारा नाही, पण त्याच्यासोबत ती म्हातारी होणार आहे, तुम्हा सगळ्यांसारखीच. कधी ती नाचेल, कधी तिला डबा उघडता येणार नाही. दोन्ही वेळी ती खरंच बोलत असते. छत्री उन्हासाठी आहे. साप पाठवू नयेत. सणाच्या पहाटे ती चार वाजता मिरच्या भाजायला येईल. तिसऱ्या चुलीपाशी रुतिलियासाठी एक स्टूल ठेवावं."

ताउरिनोदादांना बारीक अक्षर दिसत नाही हे लक्षात घेऊन मी शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात काढलं आहे. ते नेहमीप्रमाणे तेवढंच वाचतील, आणि मला तेवढंच पुरे आहे.

कळावे,
सणापर्यंत आणि सणानंतरही आपल्याच गावात असणारी,

रुतिलिया मेन्देस
दि. २४ एप्रिल

सोबत:
१. घोषणेचा मजकूर, शेवटची ओळ ठळक.
२. मयताच्या मेणबत्त्यांचा एक जुडगा, सणाला देवापुढे लावण्यासाठी.
३. एक लाकडी स्टूल. कचेरीत कुणी बसण्यासाठी वापरू नये. सेनाइदामावशींकडे पोचवावं. त्यांना सांगावं, ताट पाठवू नका, मी येतेय.