हात न टेकता

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझं एक वाक्य माझ्या तोंडून अजून जसंच्या तसं निघतं. आपल्या स्वयंपाकघरात जेवून उठताना माझा तळहात फरशीला लागला रे लागला की तू कडाडायचीस, "हात न टेकता ऊठ! म्हातारी झालीस का?" असा राग यायचा तुझा!

इथे जर्मनीत, एर्लांगेनमध्ये, सगळा कारभार खुर्चीवर, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही. तुझी नात अकरा वर्षांची. सायकलवर मागे पडायला लागली, जिन्यात कठड्याला लोंबकळायला लागली, आणि आम्ही म्हणालो, आळस, दुसरं काय! मग गणपतीत सगळे खाली पंगतीला बसले. जेवणं झाली, सगळे उठले, ही बसलेलीच. दोन्ही हात टेकले, तरी उठता येईना. मी चारचौघांत तुझंच वाक्य तिच्यावर फेकलं. "इष कान निष्ट, ममा," ती जर्मनमध्ये पुटपुटली. जमतच नाहीये म्हणून.

आणि दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला काय करायला सांगावं? खाली बस आणि हात न टेकता ऊठ! मग त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय ढिम्म हलला नाही. तपासण्या झाल्यावर म्हणाल्या, शरीराची राखण करणारी यंत्रणाच तिच्या नसांवरचं आवरण कुरतडतेय. आजार चिवट आहे, पण मुलं पुष्कळदा सावरतात. "नीट चालेल ना पुन्हा?" मी विचारलं. "बघू या," त्या म्हणाल्या.

आता दर काही आठवड्यांनी तिला सलाइनसारखी बाटली लावतात. त्यात काय असतं माहितेय? हजारो अनोळखी माणसांच्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्यं. बसमध्ये माझ्याकडे ढुंकून न बघणारी ही माणसं, आई, माझ्या लेकीच्या अंगात फिरतायत! मी त्या थेंबांकडे नुसती बघत बसते. हल्ली बसमध्ये मीच सगळ्यांकडे बघून हसते. वेडी समजत असतील.

परवा ती जमिनीवर चित्र काढत बसली होती. उठली. हात न टेकता. जराशी डगमगली आणि सरळ फ्रिजकडे गेली, जणू काही झालंच नाही. मी मात्र तिथेच मटकन बसले आणि रडले.

हे पत्र टाकायला पेटी कुठे आहे? कुणी वाचणार नाही, म्हणून लिहून टाकते. गणपतीत मी नुसतं बोलले नव्हते. तिच्या टेकलेल्या हातावर चापट मारली होती. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, तेवढं नाही सांगितलं.