हसनाच्या अम्बोंचं गाणं

३ ऑक्टो., शुक्र.
अभिने गाणं ऑनलाइन टाकलं. आवाज माझा, कीबोर्ड त्याचा, आणि खाली काय लिहिलंय? ‘पारंपरिक बुगिस लोकगीत’. पारंपरिक! माझ्या हाउसमेटच्या, हसनाच्या वडिलांचं आहे, हे त्याला दोनदा सांगितलं होतं. चुलतभाऊ आहे म्हणून ऐकून घेते, नाहीतर...

हसना किचनमध्ये मासे तळत होती. मीच मूर्खासारखा फोन पुढे केला. तिने वाचलं, गॅस बंद केला आणि वर गेली. मासे अर्धे कच्चे.

४ ऑक्टो.
हसना बोलत नाही. मी चिडले की भांडी आपटते, ही गप्प बसते. ते जास्त वाईट.

तिचे वडील सुलावेसी बेटावर लग्नांमध्ये कीबोर्ड वाजवतात, त्यांच्या बुगिस भाषेत गाणी लिहितात, स्वतःच गातात. पूर्वी कॅसेटी निघायच्या. या गाण्यातल्या बाईचा नवरा बोटीवर गेलाय. ‘वारा फिरला की येतो म्हणालास. वारा फिरला, परत फिरला. आता मी वाऱ्याला विचारत नाही.’ भात शिजेपर्यंत रोज एक ओळ, असं शिकवलं तिने मला. चांगलं ठसक्यातलं पॉप गाणं आहे. म्हणे लोकगीत!

९ ऑक्टो.
अभिला फोन.
‘अगं, त्या लँग्वेजमध्ये पॉप साँग्स कोण लिहितं? फोक म्हटलं की जरा क्लासी वाटतं.’
‘तू मराठीत लिहितोस तीपण लोकगीतंच का रे?’
‘बरं बाई, नाव दे. एडिट करतो. टू मिनिट्स.’
उपकार केल्यासारखा!

हसनाला नाव विचारलं. ‘आमच्या घरी वडिलांचं नाव तोंडाने घेत नाहीत. पेम्मली.’ म्हणजे निषिद्ध. गावही त्यांना ‘हसनाचे अम्बो’ म्हणतं. अम्बो म्हणजे बाबा.
‘अगं, पण आता अडलंय ना!’
‘त्याचं अडलंय. त्याने अम्बोंना फोन करावा. आधी विचारावं, मग नाव मागावं.’
नंबर दिला तिने, मी अभिला लगेच पाठवला. तरी ओरडलेच तिच्यावर, तुझ्या हट्टापायी गाणं हातचं जाईल म्हणून.
‘गेलंच आहे. तुझ्या आवाजात.’
झोंबलं. झोंबायलाच म्हणाली ती.

१७ ऑक्टो.
अभिने फोन केलेला नाही. ‘लँग्वेज प्रॉब्लेम’ म्हणे. गाणं उचलताना नाही आला प्रॉब्लेम.

हसनाच्या भावाचा फोन आला होता. तिकडे एका लग्नात कुणी पाहुणा अम्बोंना म्हणाला, काका, ते इंग्लंडमधली बाई गाते ते जुनं लोकगीत येतं का तुम्हाला? अम्बोंनी वाजवलं, पूर्ण. मग कीबोर्डवर कापड घातलं आणि न जेवता घरी गेले. त्यानंतर आलेल्या लग्नांना नाही म्हणून सांगितलंय.

सांगताना हसना रडली नाही. मी रडले. ती बाई मी आहे. अभिचा गळा दाबावासा वाटला, खरंच.

२५ ऑक्टो., शनि.
इथल्या मराठी मंडळाची दिवाळी, अभिचा नि माझा गाण्याचा कार्यक्रम. हसनाला ओढून नेलं. शेवटच्या रांगेत बसली, अंगावरचा कोटही काढला नाही. अभि माइकवर: ‘नाऊ, एक ट्रॅडिशनल...’

माइक हिसकावला. म्हटलं, हे लोकगीत नाही. लिहिणारे जिवंत आहेत. त्यांची मुलगी मागे बसलीय. त्यांच्याकडे वडिलांचं नाव घेत नाहीत, आणि ज्याने त्यांना विचारायचं त्याने अजून विचारलेलं नाही. म्हणून मी गाणार नाही.

पुढच्या रांगेतून एक काकू, हौसेने: ‘अगं, नाव घ्यायला लाजायचं काय? उखाण्यात घे म्हणावं!’ झालं. अख्खा हॉल टाळ्या पिटत ओरडायला लागला: ‘नाव घ्या! नाव घ्या!’ नव्या नवरीच्या मागे लागतात तसे. मी काय बोलले ते एकालाही कळलं नव्हतं. असा संताप आला!

हसना उठून बाहेर गेली. अभि कानाशी: ‘हॅपी? पोपट केलास माझा.’
‘अजून पुरता नाही केला.’

ट्राममध्ये हसनाने विचारलं, काय ओरडत होते? सांगितलं, आमच्या बायका पूर्वी नवऱ्याचं नाव घेत नसत, म्हणून लग्नात यमक जुळवून सगळ्यांसमोर घ्यायला लावतात.
‘म्हणजे तुम्हाला माहीत आहे हे. तरी ओरडलात.’


२६ ऑक्टो.
सकाळीच अभिचा मेसेज. ‘लास्ट टाइम विचारतोय. नाव?’

फोन हसनासमोर ठेवला. तिने कालची कार्यक्रमपत्रिका ओढली आणि कोऱ्या बाजूवर पेनाने लिहिलं. तोंडाने नाहीच. त्यांच्या जुन्या लिपीत, तिरकी टोकदार अक्षरं, वरखाली ठिपके. एकच ओळ.
‘पाठव.’
फोटो पाठवला.
‘हे काय आहे?’
‘नाव.’
‘इंग्लिशमध्ये दे ना यार. हे मी कसं वाचणार?’

मलाही वाचता येत नाही. हसनाकडे पाहिलं. ती चहा ओतत होती.
‘अम्बोंचा नंबर आहे ना त्याच्याकडे?’
तेच लिहिलं. नंबर आहे तुझ्याकडे. ज्यांचं आहे त्यांना विचार, ते वाचून दाखवतील.

वाचलंय त्याने. उत्तर नाही.