आपोआप बंद होणारं दार

२ फेब्रुवारी, सोमवार
खाली नोटीस लागली. बिल्डिंगमधल्या सगळ्या घरांची मुख्य दारं बदलणार. फायर डोअर येणार. आग लागली तर आग आणि धूर बराच वेळ अडवून धरतं म्हणे. आणि आपोआप बंद होतं.

माझी तशी काही हरकत नाही. माझं दार दिवसभर उघडं असतं ते केवळ हवेसाठी. सवय ह्यांची. दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायचे. हे गेल्याला तीन वर्षं झाली. खुर्ची मी आत घेतली, दार तसंच राहिलं. त्यामुळे लोक आत येतात, बसतात, वाचनाचा खोळंबा होतो. तो मी आजवर सोसला.

सेक्रेटरींना म्हटलं, आमचं दार उघडंच बरं. ते म्हणाले, काकू, हे तुम्ही आगीला सांगा.

ठरवलं: विषय मुळापासून वाचायचा. शाळा सातवीत सुटली, पण वाचलेलं कळलं नाही असं अजून झालेलं नाही. पळवाट असणारच. आठवड्याभरात काढते.

५ फेब्रुवारी
कंपनीची पुस्तिका डिक्शनरी घेऊन वाचली. दार म्हणजे नुसता पल्ला नव्हे. चौकट, पल्ला, बिजागऱ्या, लॅच, दार आपोआप ओढून लावणारा क्लोजर, कडेची पट्टी, सगळं मिळून दार. परीक्षा सगळ्यांची एकत्र होते. एक जण बदलला की सगळे नापास. एकत्र कुटुंबासारखंच आहे.

पट्टी सगळ्यांत हुशार. एरवी खाचेत गप्प बसून असते. तापली की फुगते आणि सगळी फट बुजवून टाकते. माझ्या सासूबाई अशाच होत्या.

समोरच्या वहिनी साखर मागायला आल्या होत्या, त्यांना सगळं समजावलं. बिजागऱ्यांपर्यंत आले तेव्हा म्हणाल्या, ताई, दूध गॅसवर आहे हो. पट्टी ऐकायला मात्र थांबल्या. विषयात रस दिसला.

पळवाट अजून नाही.

११ फेब्रुवारी
दारांचं फिनिश ठरवायला मीटिंग. व्हिनिअर म्हणजे खऱ्या लाकडाची पातळ साल, तिला पॉलिशची निगा लागते. लॅमिनेट टणक, ओल्या फडक्याने पुसता येतं. रंग नकोच, कारण रंगारी घाईत पट्टीवरही हात फिरवतो आणि पट्टीचं काम बिघडतं. हे सगळं मी उभी राहून सांगितलं. व्हिनिअर घ्या म्हटलं.

मतदान झालं. व्हिनिअरला मी. राखाडी लॅमिनेटला बाकीचे सगळे. तरी निर्णय माझ्या भाषणानंतरच झाला, हे विसरता कामा नये.

मग मी बजावलं की लॅमिनेट घेताय तर कोणीही दारावर अंगठ्या, बांगड्या, किल्ल्या आपटायच्या नाहीत. चरे पडतात, चकाकी जाते. हे मात्र सगळ्यांनी मान डोलावून ऐकलं.

२० फेब्रुवारी
दार बसलं. फिटरच्या शेजारी स्टूल टाकून देखरेख केली. तो म्हणाला, मावशी, तुम्ही दुपारी झोपत नाही का? म्हटलं, नाही. त्याने मोठा श्वास घेतला. बिजागरीत एक स्क्रू कमी आहे हे माझ्या लक्षात आलं. मावशी, अजून लावतोय ना, म्हणाला. पण लावला. मी नसते तर राहिला असता.

जुनं दार दोघांनी उचलून खाली नेलं. काही वाटलं नाही. संध्याकाळी जेवण गेलं नाही, ते धुळीमुळे.

२३ फेब्रुवारी
शांतता उत्तम. जाड पल्ल्यामुळे बाहेरचा आवाज जवळजवळ बंद. सबंध दुपार पुस्तकाचं एकच पान वाचलं. खोल वाचन यालाच म्हणतात.

कोणी आलं नाही. अधूनमधून दाराच्या भिंगातून पाहिलं. भिंग हाही दाराचा भाग आहे, तपासायला हवाच. भिंग चांगलं आहे. पॅसेज रिकामा दिसतो.

२६ फेब्रुवारी
जिन्यात वहिनी भेटल्या. म्हणाल्या, ताई, हल्ली झोप छान लागते वाटतं? म्हटलं, छे हो, वाचन! कोणाचा व्यत्यय नाही, इतकी वर्षं उगाच दार उघडं ठेवलं. बरं झालं मग, म्हणाल्या आणि खाली उतरून गेल्या. चेहरा उतरला होता. पित्ताचा त्रास आहे त्यांना.

२ मार्च
क्लोजरची ताकद तपासायचं ठरवलं. दाराशी ह्यांच्या चपला असतात. लेकीचा आग्रह, एकट्या बाईच्या दारात पुरुषाची चप्पल असावी. त्यातली एक पल्ल्याखाली सरकवली. दार उघडं राहिलं. क्लोजर कमी पडला, अशी नोंद.

तपासणी चालू असतानाच वहिनी आल्या, खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका आल्या, चहा झाला. शिक्षिकांनी त्यांच्या सुनेचं सगळं सांगितलं. वाचन बुडालं.

तेवढ्यात सेक्रेटरी. वाकले, चप्पल काढली, हाताने झटकली, काकांची ना, म्हणाले आणि जोडीशेजारी नीट ठेवली. मग म्हणाले, काकू, असं नका करू. आग लागली तर? म्हटलं, आग लागली की पहिली चप्पल काढीन. ते म्हणाले, तुम्ही पहिला चष्मा शोधाल.

उद्धट माणूस. चष्मा तेव्हाही सापडत नव्हता.

६ मार्च
पळवाट सापडली! मोठ्या हॉस्पिटलांत दाराला भिंतीवर लोहचुंबक असतं. दार उघडं धरून ठेवतं. अलार्म वाजला की सोडून देतं. दिवसभर उघडं, आगीत बंद. माझ्यासाठीच शोध लागला असावा.

दोन पानी अर्ज लिहून दिला. कारण: हवा. सेक्रेटरी वाचता वाचता म्हणाले, काकू, हे पॅसेजच्या दारांना देतात, घराच्या नाही. पण अर्ज खिशात ठेवला. म्हणजे विचार चालू आहे.

१० मार्च
बिल्डिंगला जाणकाराची गरज आहे. पल्ला आणि चौकट यांच्यातली फट सारखी आहे का, हे कोण बघतंय? कोणीच नाही. एक नाणं घेऊन निघाले. नाणं फटीतून फिरवायचं, अडकलं किंवा फार सैल गेलं तर चूक. बेल वाजवायची, नाणं फिरवायचं, निघायचं. दाराला दोन मिनिटं पुरतील असा अंदाज होता. तीन दारं झाली आणि अंधार पडला. प्रत्येक ठिकाणी चहाचा आग्रह. शास्त्रीय कामात असे अडथळे यायचेच.

१२ मार्च
फेरतपासणी. कालपरवा बरोबर असलेली फट आज बिघडू शकते. दोन घरांनी दार उघडलं नाही. आत टीव्ही चालू असल्याचं बाहेर स्वच्छ ऐकू येत होतं. मी बेल वाजवल्यावर तो बंद झाला. पल्ला नीट बसलेला नाही. दोन्ही दारांची नोंद घेतली.

१४ मार्च, शनिवार
तिसऱ्या फेरीला निघाले. दोन पावलं गेले आणि मागे माझं दार बंद झालं. किल्ली आत खिळ्याला.

वहिनींनी फिटरला फोन लावून दिला. तो म्हणाला, लॅच फोडावा लागेल मावशी, आणि मग ते फायर डोअर राहणार नाही, एक जण बदलला की सगळे नापास, तुम्हीच मला शिकवलंत. दुसरी किल्ली लेकीकडे, गावाच्या त्या टोकाला. संध्याकाळी येते म्हणाली.

दारासमोर उभी होते. काय मनात आलं कोणास ठाऊक, बेल दाबली. आतून कोण उघडणार होतं? तीन वर्षं झाली, बोटाला अजून समजलेलं नाही.

बेल वाजलीच नाही. परत दाबली. नाही.

वहिनी म्हणाल्या, ताई, ती वाजत नाही होय? अहो, मी किती वेळा दाबली! दाबायची, उभी राहायची, झोपला असाल म्हणून परत जायची. सेक्रेटरींनीही दाबली. शिक्षिका तर म्हणत होत्या, काकू रागावल्यात. आणि परत तुम्हीच म्हणालात की व्यत्यय नको.

म्हटलं, मग दार का नाही ठोठावलंत? वहिनी म्हणाल्या, लॅमिनेटला चरे पडतात ना!

म्हणजे चौकट काढताना बेलची वायर तुटली. दार इतकी वर्षं उघडं, बेलची गरजच पडली नव्हती, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. मी पल्ला, पट्टी, बिजागऱ्या, भिंग सगळं तपासलं. पुस्तिकेत बेलचा उल्लेख नाही. ही पुस्तिकेतली मोठी त्रुटी आहे, कंपनीला कळवणार.

पॅसेजमध्ये खुर्च्या आल्या. लेक आली तेव्हा शिक्षिका सुनेचं पुढचं सांगत होत्या. लेकीला म्हटलं, दोन मिनिटं थांब, महत्त्वाचं चाललंय.

निश्चय: एक किल्ली कायम गळ्यात. आणखी एक करून वहिनींकडे. उद्याच.

१६ मार्च
फिटरने बेल जोडली. वाजवली, मी पळत जाऊन उघडलं, या म्हटलं. तो म्हणाला, मावशी, मीच आहे, टेस्टिंग. परत वाजवली, परत उघडलं. म्हणाला, उघडू नका, नुसतं आतून वाजली म्हणा. तिसऱ्यांदाही उघडलं. खात्री केलेली बरी.

१८ मार्च
ही नोंद जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. वहीत मग उतरवीन.

सकाळपासून वाचन चालू होतं, बेलकडे लक्षही नव्हतं. अकराला वाजली. मुद्दाम सावकाश उठले, वाट बघत बसले होते असं कोणाला वाटू नये. खूण घालून पुस्तक मिटलं, पदर सारखा केला, चष्मा पुसला. उघडलं तर वहिनी परत स्वतःच्या दाराशी पोचलेल्या. तशीच धावले. अहो वहिनी, आहे मी! आहे!

मागे दार बंद झालं. हळू, आवाज न करता, लॅच पुरता बसवून. क्लोजरमध्ये खोट काढायला जागा नाही.

किल्ली गळ्यात नाही, दोरा टोचतो. वहिनींसाठीची उद्या करून घेणार होते.

त्यांच्या स्वयंपाकघरातून लेकीला फोन केला. आई, परत? म्हणाली. मग म्हणाली, आज मीटिंग आहे गं, सहा वाजतील, फार खोळंबा होईल का? वहिनींनी चहाचं आधण ठेवलं होतं, त्यात आणखी एक कप पाणी ओतलं, कारण दारात शिक्षिका विचारत होत्या, काकू इथेच आहेत ना?

म्हटलं, सावकाश ये.